दोरी अनंत, वेळ ८४ मिनिटं!

मीटरभर दोरी घ्या, टोकाला लोखंडी नट बांधा आणि हलकेच झोका द्या. जाऊन परत यायला दोन सेकंद. जमिनीवर उभ्या असलेल्या जुन्या उंच घड्याळांतला लंबक एवढाच असायचा. दिवसाला ४३,२०० झोके, वर्षाला दीड कोटीहून जास्त! गोळा सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटर सरकतो असं धरलं, तरी वर्षाकाठी ३,१५० किलोमीटर होतात. रेल्वेनं मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. म्हणजे पेटीतल्या पेटीत झुलत हा गोळा वर्षभरात मुंबई-पुण्याच्या आठ फेऱ्या मारतो, जाऊन-येऊन!

आणि वजनाचा तर हिशेबच नाही. वाऱ्यानं होणारं डोलणं आवरायला तैपेई १०१ या इमारतीत ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय. आपल्या रेल्वेची, प्रवासी गाड्या ओढणारी पाच विजेची इंजिनं एकत्र केली तरी त्याची बरोबरी होत नाही. पण असा गोळा मोकळा झुलू दिला आणि शेजारी तेवढ्याच लांबीच्या दोरीला तुमचा नट बांधला, तर दोघांना झोक्याला सारखाच वेळ लागेल.

वेळ ठरतो लांबीवर. तिथे मात्र लंबक कमालीचा चिक्कू! दोरी चौपट करा, वेळ फक्त दुप्पट. शंभरपट करा, दहापट.

चला, वाढवत जाऊ. २५ मीटर खोल विहीर, काठावरून तळापर्यंत दोरी: दहा सेकंद. १८५१ मध्ये पॅरिसच्या पाँथेऑन या इमारतीत शास्त्रज्ञ फुकोनं ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं. त्याचा झोका सोळा सेकंदांचा. बुर्ज खलिफाएवढी, ८२८ मीटरची दोरी? अजून मिनिटही नाही! कळसूबाईएवढी, १,६४६ मीटर: ८१ सेकंद. एव्हरेस्टएवढी: तीन मिनिटं नऊ सेकंद. आता मुंबई-पुणे लोहमार्ग सरळ करून आकाशात उभा करा आणि त्याच्या वरच्या टोकाला दोरी बांधा. १९२ किलोमीटर दोरी, आणि झोका सुमारे साडेचौदा मिनिटांचा. सिंहगड एक्स्प्रेसमध्ये चहा मागवून तो पिऊन होईपर्यंत एक झोका!

इथून पुढे कल्पनेलाच ताण द्यायचा. दोरीचं वजन, पृथ्वीचं फिरणं, चंद्र-सूर्याची ओढ, सगळं बाजूला ठेवा. गोळा मात्र जमिनीलगतच राहू द्या. दोरी पृथ्वीच्या त्रिज्येएवढी, ६,३७१ किलोमीटर: जवळपास एक तास. थेट चंद्रावरून सोडली, ३,८४,००० किलोमीटर? शाळेतलं सूत्र सांगेल अकरा तास. पण ते सूत्र जमीन सपाट धरतं. खरी पृथ्वी गोल आहे, गोळ्याला ती सगळीकडून आपल्या केंद्राकडेच खेचते. म्हणून उत्तर येतं ८४ मिनिटांहूनही किंचित कमी!

मग सूर्यावरून सोडा. १५ कोटी किलोमीटर! चंद्रापेक्षा जवळजवळ चारशेपट लांब दोरी, आणि वेळ वाढतो फक्त ४० सेकंदांच्या आसपास.

त्याही पलीकडे जा. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यावरून सोडा, आकाशगंगेच्या टोकावरून सोडा, टोकच नसलेली दोरी घ्या. ८४ मिनिटं आणि वर सुमारे वीस सेकंद. संपलं! यापुढे एक सेकंदही नाही. हवा नसती आणि जमिनीला घासून एखादा उपग्रह फिरला असता, तर त्याची पृथ्वीप्रदक्षिणाही नेमक्या एवढ्याच वेळात झाली असती.

सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीन पुण्याहून निघते, तेव्हा या अनंत लंबकाला झोका द्या. गाडी सीएसएमटीला लागेपर्यंत त्याचे दोन झोके पूर्ण होऊन तिसरा सुरू झालेला असेल.