अंडे कच्चे नको, शिजवूनच द्या

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला रात्रीपासून जुलाब, उलट्या आणि ताप. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. सलाइन लावावे लागले. चौकशी केली तेव्हा आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगं अशक्त आहे म्हणून रोज दुधात कच्चं अंडं फेटून देते. तडकलेली अंडी स्वस्त मिळतात, तीच आणते."

जुलाब अंड्यामुळेच झाले, असे तपासणीशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. पण संशयाला जागा होती. आजींना जे समजावले तेच वाचकांनाही सांगतो. अंडे कसे तयार होते हे कळले, की ते कसे खावे हेही कळते.

कोंबडीचा डाव्या बाजूचाच बीजकोश काम करतो. तेथे पिकलेला बलक सुटतो आणि अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो. फलन व्हायचे असेल तर ते येथेच, पहिल्या पाव तासात होते. पुढे सुमारे तीन तासांत बलकाभोवती पांढऱ्याचे थर चढतात. त्यानंतर सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात. उकडलेले अंडे सोलताना हाताला लागतात, तेच हे.

सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो कवचाला, सुमारे २० तास. त्यासाठी लागणारे जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम कोंबडीच्या रक्तातून येते. खाद्यातून कमी पडले तर तिच्या हाडांतून. म्हणूनच कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात. तपकिरी रंगही येथेच चढतो. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. तपकिरी अंडे अधिक पौष्टिक, हा निव्वळ समज आहे. शेवटी कवचावर एक पातळ लेप बसतो. असे २४ ते २६ तासांत अंडे तयार होते.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. पिलाला हवा मिळावी म्हणून ही सोय. वरचा लेप ही छिद्रे झाकून जंतूंना अडवतो. कवचाला तडा गेला की हा बंदोबस्त मोडतो, आणि अंडी धुऊन ठेवली तर लेप निघून जातो.

दुसरा धोका आतला. कोंबडीच्या बीजकोशात किंवा अंडवाहिनीत साल्मोनेला जंतू असतील, तर ते कवच बनण्याआधीच आत शिरतात. असे अंडे बाहेरून अगदी स्वच्छ दिसते. यावर उपाय एकच, नीट शिजवणे.

"पण कच्च्यात ताकद जास्त ना?" आजींनी विचारले. उलट आहे. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक चांगली पचतात. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही. शिजवल्यावर त्याचा जोर जातो.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा :

• तडकलेली अंडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.
• अंडी धुऊन साठवू नका. मळ असेल तर शिजवण्याआधी लगेच धुवा.
• बलक घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण १० मिनिटे उकडा.
• कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवा.
• जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

नातू तीन दिवसांत खेळू लागला. आता आजी त्याला रोज उकडलेले अंडे देतात, तेही न तडकलेले.