पुसलेली पेन्सिल

जुने कागद जमवणाऱ्याला पहिला मोह पडतो तो स्वच्छ प्रतीचा. त्या मोहापायी माझ्या हातून एक चूक झाली. हे टिपण त्या चुकीतूनच निघाले आहे.

अमेरिकेतील बेसबॉलच्या अजिंक्यपदाची ‘वर्ल्ड सिरीज’ १९०३ साली सुरू झाली. तिची जुनी तिकिटे आणि मैदानावर विकल्या जाणाऱ्या कार्यक्रम-पुस्तिका जमवणाऱ्यांचा तिथे मोठा वर्ग आहे. १९७४पूर्वी प्रत्येक यजमान संघ आपली स्वतंत्र पुस्तिका काढी. खेळाडूंची छायाचित्रे, जाहिराती आणि धावफलकाचे रिकामे चौकोन असे तिचे स्वरूप. प्रत्येक फलंदाजाचे काय झाले, ते प्रेक्षक या चौकोनांत पेन्सिलीने टिपत.

तिकिटावर सामन्याचा क्रमांक छापलेला असतो. पण छापील तिकीट म्हणजे सामना झाल्याचा पुरावा नव्हे. १९६४ साली फिलाडेल्फिया फिलीज संघ बारा सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता. वर्ल्ड सिरीजची तिकिटे छापून तयार होती. संघ लागोपाठ दहा सामने हरला आणि ती तिकिटे तशीच राहिली. संग्राहक अशांना ‘फँटम’, म्हणजे भुताची तिकिटे म्हणतात. बाजारात अखंड तिकिटाला फाटक्या अर्ध्यापेक्षा जास्त भाव मिळतो. अभ्यासकाला मात्र फाटका अर्धाच अधिक सांगतो. तो धरून कोणीतरी दारातून आत गेले होते.

पुस्तिकेचे याच्या उलट. एका मैदानावरच्या सगळ्या सामन्यांना पुस्तिका एकच. १९५६मध्ये न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स या मालिकेतील तिसरा, चौथा आणि पाचवा सामना यँकी स्टेडियमवर झाला. ८ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यात यँकीजचा पिचर डॉन लार्सन याने समोर आलेले सत्तावीसही फलंदाज बाद केले. एकही पहिल्या बेसपर्यंत पोहोचला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असा सामना पुन्हा झालेला नाही. हातातली पुस्तिका त्या दिवसाची की आदल्या दोन दिवसांतली, हे छपाईवरून कळत नाही. ते पेन्सिलीवरूनच कळते.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या भाच्याने मला याच मालिकेतली यँकीजची पुस्तिका पाठवली. चौकोनांत पुसट खुणा होत्या. कोऱ्या प्रतीला मान अधिक, एवढेच तेव्हा मी वाचले होते. खोडरबर घेऊन मी त्या हलक्या हाताने पुसल्या, आणि पान स्वच्छ झाल्याचे समाधानही मानले. वर सांगितलेले सारे मला त्यानंतर उमगले.

भाच्याला मी हे अजून सांगितलेले नाही. पुस्तिका तिरप्या उजेडात धरली की पेन्सिलीच्या दाबाचे वळ दिसतात. अक्षर मात्र लागत नाही. चौसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षकांपैकी एकाची साक्ष कदाचित त्या चौकोनांत होती. तेव्हापासून माझ्या टेबलावर खोडरबर नसतो.