मूत्रपिंडाचा वारसा

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, मागून आणलेल्या पुस्तकांवर. परंतु शहाडच्या एका कामगारामुळे या विषयाच्या मागे लागणे आम्हाला भाग पडले.

गडी चाळिशीतला. रक्तदाब चढलेला, कुशीत दुखणे, एकदा लघवीतून रक्त गेले. आमचा पहिला संशय, सवयीप्रमाणे, खात्यातील वाफेवर गेला. मागणीपत्राचा मसुदाही मनात तयार झाला. त्याच्या आईने दोष सुनेच्या पायगुणाला दिला. पुढे कळले की बापही याच दुखण्याने गेला होता, आणि बापाने जन्मभर शेतीच केली होती. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे पाण्याच्या लहानमोठ्या पिशव्यांनी भरलेली दिसली. मसुदा मनातच राहिला.

या रोगाला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. बहुतेकांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरील जनुकात असतो, काहींत चौथ्यावरील. पहिले जनुक १९९४ साली हाती लागले, दुसरे १९९६ साली. प्रत्येक जनुकाच्या आपल्यापाशी दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. येथे एकच प्रत सदोष असली तरी पुरते. म्हणून रोग्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. लोक मात्र याला शेताची वाटणी समजतात : थोरल्याकडे गेला, धाकटा सुटला! तसे नाही. दर जन्माला नाणे नव्याने उडते. चौघांपैकी चौघांनाही होईल, एकालाही होणार नाही. जो खरोखर सुटला, त्याच्या मुलांकडे मात्र तो दोष जात नाही. कधी घराण्यात कोणाला नसताना दोष नव्यानेच उपजतो. तान्ह्या मुलांत दिसणारा प्रकार निराळा. तेथे आईबाप दोघेही निरोगी वाहक असतात आणि शक्यता चारात एक.

आमच्या गड्याला मूत्रपिंड द्यायला अठ्ठावीस वर्षांचा धाकटा भाऊ पुढे आला. १९९४ च्या कायद्याने भाऊ जवळचा नातेवाईक खरा, पण रक्ताच्या त्याच नात्याने तो संशयितही. या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी पुरी खात्री देत नाही. जनुकाची चाचणी लागते. तो बिचकला. लग्न ठरायचे होते, नोकरी कंत्राटी होती. निकाल बाहेर फुटला तर? त्याला भित्रा म्हणणे आम्हाला जमले नाही.

अखेर मूत्रपिंड दिले बायकोने. तिचा रक्तगट जुळला, आणि सासरचा हा वारसा तिच्या अंगात असण्याचे कारणच नव्हते. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

धाकट्याने चाचणी अजून केलेली नाही. दर महिन्याला तो युनियनच्या कचेरीत येऊन रक्तदाब तेवढा मोजून जातो.