खोपट ते सहार : परदेशप्रवासाचे टप्पे

मुंबईचे आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. ठाण्यातील खोपटपासून ते रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर येते. खोपट, उथळसर, पाचपाखाडी, नौपाडा या भागांतून परदेशी निघालेल्यांमध्ये मुलांकडे जाणारे आईवडील, उच्च शिक्षणासाठी चाललेले विद्यार्थी आणि नोकरीसाठी आखातात जाणारे तरुण असतात. पहिल्यांदा निघणाऱ्याला बारा-चौदा तासांच्या उड्डाणापेक्षा विमानतळाचीच धास्ती जास्त असते. इमारत प्रचंड, माणसे अनोळखी, रांगा एकामागून एक. पण या रांगांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक रांगेमागे कारण असते. ते कारण समजले की पुढे काय होणार याचा अंदाज येतो आणि धास्ती ओसरते.

सांताक्रूझ आणि सहार

मुंबईतील विमानवाहतुकीची सुरुवात जुहूला झाली. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेली सांताक्रूझची धावपट्टी पुढे प्रवासी विमानांसाठी उपयोगात आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९८१ साली सहारला आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वेगळे टर्मिनल सुरू झाले आणि तेव्हापासून ‘सांताक्रूझ’ म्हणजे देशांतर्गत व ‘सहार’ म्हणजे परदेशी असे समीकरण लोकांच्या बोलण्यात रुजले.

आज हे समीकरण पुरेसे नाही. जुन्या सहार टर्मिनलच्या जागी उभारलेले टर्मिनल २ फेब्रुवारी २०१४ मध्ये वापरात आले. सगळी आंतरराष्ट्रीय उड्डाणे तेथून होतातच, शिवाय बरीच देशांतर्गत उड्डाणेही तेथूनच होतात. दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली तरी रस्त्याने त्यांच्यात चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. म्हणून तिकिटावरील टर्मिनलचा आकडा घरीच पाहावा. चुकीच्या दारात उतरल्यास दुसऱ्या दारापर्यंत पोचण्यात अर्धा-पाऊण तास सहज जाऊ शकतो.

घरातून निघताना

युरोप, अमेरिका आणि आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. येथे तारखेची चूक होते. तिकिटावर १२ तारखेची पहाटे दीडची वेळ असेल, तर घरातून ११ तारखेच्या रात्री निघायचे असते. १२ च्या रात्री निघालेल्या प्रवाशाचे विमान जवळजवळ दिवसभरापूर्वीच गेलेले असते.

आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास विमानतळावर पोचावे, असे विमान कंपन्या सांगतात. सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. खोपटहून मोटारीने नेहमीचा मार्ग पूर्व द्रुतगती महामार्ग, मग जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि पवईवरून मरोळ-सहार असा आहे. मुलुंड टोलनाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. तरीही जोडरस्त्यावरची कोंडी कायम असल्याने संध्याकाळी या प्रवासासाठी दोन तास हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

सामान थोडे आणि वेळ दिवसाची असेल, तर रेल्वेचा मार्ग चांगला. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तेथे मेट्रो ३ पकडून पुढच्याच स्थानकावर टर्मिनल २. मेट्रो ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ठाणेकरांना प्रथमच थेट टर्मिनलपर्यंत रुळांवरून जाण्याची सोय झाली. मात्र दोन मोठ्या बॅगा घेऊन घाटकोपरचा जिना आणि तिथली गर्दी ज्येष्ठांना झेपणारी नाही. शिवाय मध्यरात्री लोकल आणि मेट्रो दोन्ही बंद असतात.

टर्मिनलच्या आत

टर्मिनल २ चार मजली आहे. निघणारे प्रवासी वरच्या मजल्यावर उतरतात, येणारे खालच्या बाजूने बाहेर पडतात. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही रचना आहे. अमेरिकेतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेने आखलेल्या या इमारतीचे विशाल छत केवळ तीस महास्तंभांवर तोललेले आहे. खांब कमी असल्याने दालनात नजर दूरवर पोचते आणि काउंटर शोधणे सोपे जाते. छतावरची नक्षी मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेली आहे. राजीव सेठी यांनी मांडलेल्या ‘जय हे’ या कलासंग्रहात देशभरातील हजारो वस्तू आहेत. वेळ हाताशी असलेल्या प्रवाशाने त्या जरूर पाहाव्यात.

प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात. तिकीट नसलेल्यांना आत सोडले जात नाही, म्हणून निरोप दाराबाहेरच घ्यावा लागतो. आत विमान कंपनीच्या काउंटरवर सामान तोलून घेतात आणि बोर्डिंग पास देतात. बॅगेच्या टॅगचा छोटा तुकडाही तेथेच मिळतो. बॅग हरवली तर शोध त्यावरूनच लागतो, म्हणून तो मुक्कामाला पोचेपर्यंत जपून ठेवावा.

पुढचा टप्पा इमिग्रेशनचा. अधिकारी पासपोर्ट आणि व्हिसा तपासून प्रवासी देशाबाहेर जात असल्याची नोंद करतो. भारतीय प्रवाशांना पूर्वी येथे एक कार्ड भरावे लागे. ते जुलै २०१७ पासून बंद झाले. प्रश्न साधे असतात: कुठे, कशासाठी, किती दिवस. उत्तरही तितकेच साधे द्यावे.

त्यानंतर सुरक्षा तपासणी. हातातील बॅगेत द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत. २००६ साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर हा नियम जगभर लागू झाला. पॉवर बँकेचे उलटे आहे. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. लिथियमची बॅटरी पेटली तर प्रवासी कक्षात ती लगेच लक्षात येऊन विझवता येते. विमानाच्या पोटात ते जमत नाही.

दिवाळीच्या सुमारास मुलांसाठी फराळ नेणाऱ्यांनी हे नियम नीट लक्षात घ्यावेत. लाडू, चकल्या, शंकरपाळे, चिवडा यांना सहसा अडचण येत नाही. तूप आणि लोणचे मोठ्या बॅगेत, घट्ट बंद करून ठेवावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नयेत. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वलनशील मानले जाते. उतरण्याच्या देशाचे नियम आणखी वेगळे. ताजी फळे, बियाणे आणि मांस अमेरिकेत अडवले जाते. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तू फॉर्मवर जाहीर कराव्या लागतात. वस्तू जाहीर केल्यास फार तर ती काढून घेतली जाते, लपवल्यास दंड होतो.

सुरक्षा तपासणीनंतर गेट गाठायचे. टर्मिनलच्या लांबलचक फाट्यांवर गेटे पसरलेली आहेत, कारण प्रत्येक मोठ्या विमानाला पंख मावतील एवढी जागा लागते. टोकाच्या गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. प्रत्येक उड्डाणाची मोठ्याने घोषणा करण्याची पद्धत आता येथे नाही. त्यामुळे फलकावर लक्ष ठेवावे आणि दुकानांत रमण्यापूर्वी गेट पाहून यावे.

विमान बदलताना

ठाण्याहून अमेरिकेला जाणारे अनेक जण दुबई, दोहा, फ्रँकफर्ट किंवा लंडनला विमान बदलतात. एकाच तिकिटावर प्रवास असेल, तर सामान बहुधा परस्पर पुढे जाते आणि प्रवाशाने फक्त नवे गेट शोधायचे असते. काही ठिकाणी दोन टर्मिनलांमध्ये विमानतळाच्या आतील गाडीने जावे लागते. फलकावर ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्टिंग फ्लाइट्स’ हे शब्द शोधावेत. ‘एक्झिट’च्या रांगेत लागू नये. अमेरिकेत मात्र पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते. परतीच्या वाटेवर मुंबईत उतरून पुढे गोवा किंवा नागपूरला जाणाऱ्यांनाही मुंबईत सामान घेऊन कस्टम पार करावे लागते. त्यासाठी दोन उड्डाणांत किमान तीन तासांचे अंतर हवे.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर हा मोठा आधार आहे. गुडघेदुखी असलेल्या किंवा इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटणाऱ्या आईवडिलांना मदतनीस काउंटरपासून गेटपर्यंत आणि पुढे विमान बदलतानाही सोबत करतो. तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. ती राहिली असेल, तर निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे. ही मदत मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

नवी मुंबईचा पर्याय

सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही २०१८ मध्ये तेथे एका दिवसात हजारांहून अधिक विमानांची ये-जा झाली. चहूबाजूंनी वस्ती असल्याने विस्ताराला जागा उरलेली नाही. या निकडीतून उलवे परिसरात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभे राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता ठेवण्यात आली आहे.

खोपटहून तेथे जाण्याचा रस्ता कळवा, ऐरोली, बेलापूर असा आहे. अंतर सहारपेक्षा जास्त असले तरी पवईची कोंडी टळते. डोंबिवली-कल्याणकरांनाही शिळफाट्यावरून ते सोयीचे आहे. दोन विमानतळ झाल्याने टर्मिनलच्या आकड्याइतकेच विमानतळाचे नावही तपासणे गरजेचे झाले आहे. तिकिटावर मुंबई विमानतळासाठी ‘बीओएम’ आणि नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’ ही तीन अक्षरे छापलेली असतात. गाडी बोलावण्यापूर्वी ती वाचावीत.