मिलिंदाचे प्रश्न आणि आपले विद्यार्थी

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात मराठवाड्यातील अनेक घरांनी आपली पहिली पदवी पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास ‘मिलिंद’ हे नाव लाभले. परिसराला नाव उत्तर देणाऱ्या भिक्खूचे, तर महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे! विद्येच्या क्षेत्रात प्रश्नकर्त्याचा हा सन्मान आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. भदन्त नागसेनांशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. आरंभी इतरांना वादात निरुत्तर करण्यातच राजाला धन्यता वाटे. म्हणून नागसेनांनी अट घातली : चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या चर्चेत खंडन होते, चूक मान्य केली जाते, परंतु कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्यास दंड होतो. राजाने ही अट स्वीकारली आणि मगच संवाद पुढे गेला.

पुढे राजाची पद्धत पाहण्यासारखी आहे. उत्तर मिळाले की तो ‘उपमा द्या’ म्हणतो. तेवढ्याने समाधान न झाल्यास आणखी एक मागतो. पुढचा प्रश्न अनेकदा ऐकलेल्या उत्तरातूनच निघतो. चर्चा संपल्यावर त्या रात्री राजा स्वतःशी विचार करतो, आपण नीट विचारले का? नागसेनही विचार करतात, आपण नीट उत्तर दिले का? जिज्ञासा प्रश्नाला जन्म देते; श्रवण त्याला धार देते.

आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. अशा घरातील मूल प्रथम विचारते, “उचल किती घेतली?” उत्तर आकड्यात मिळते. ते लक्षपूर्वक ऐकणारे मूल पुढे विचारते, “एवढी तोड करूनही ती फिटत का नाही?” त्यानंतर, “नवराबायको दोघे राबतात, मग हिशेबात ‘एक कोयता’ का?” पहिला प्रश्न माहितीचा, दुसरा कारणाचा, तिसरा न्यायाचा. तिसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी पहिली दोन उत्तरे मन लावून ऐकावी लागतात.

यात वडीलधाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. “गप्प बस” म्हणणारा शिक्षक किंवा पालक राजांच्या रीतीने बोलत असतो. ज्या समाजाला शतकानुशतके ऐकण्याचा आणि विचारण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्या समाजाच्या शाळेत तरी मुलाच्या प्रश्नाला दंड नसावा. मुलाने प्रश्न विचारला, तर तो पूर्ण ऐकावा, उत्तर ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून शोधावे, आणि उत्तरानंतर त्यालाच विचारावे, “आता पुढे काय विचारशील?”