वाट, कडा आणि ‘पॉइंट’

डोंगर चढून एखाद्या उंच कड्यावरून खालचा मुलूख पाहावा, आणि केवळ तेवढ्याचसाठी चढावे, ही कल्पना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या पाहण्याच्या जागेस मराठीत रुळलेला स्वतःचा शब्द नाही हे सहसा ध्यानात येत नाही. पुण्यामुंबईचे तरुण शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी जातात, रविवारी कोकणकड्यावर बसतात आणि परततात. ज्यास ते ‘व्ह्यू पॉइंट’ म्हणतात, त्यास गडाखालच्या गावातील म्हातारा माणूस नुसता ‘कडा’ म्हणेल. जागा एकच, अर्थ मात्र एक नव्हे. कडा म्हणजे जेथे जमीन तुटते ती जागा. पॉइंट म्हणजे जेथून पाहावयाचे ती जागा. पहिल्या शब्दातील सूचना पायांसाठी आहे, दुसऱ्यातील डोळ्यांसाठी. ह्या भेदाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वाटांचे शब्द घेऊ. त्यांत ‘घाट’ हा सर्वांत परिचित. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठची उतरण्याची जागा. त्यापासून हा शब्द आला. नदीच्या पायऱ्या आणि डोंगरावरून खाली जाण्याचा मार्ग हे दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदतात, कारण दोहोंत उतरण्याची क्रिया समान आहे. नाणेघाटाने जुन्नरचा माल कोकणात उतरत असे, आणि सातवाहनकालीन ब्राह्मी लेख तेथील लेण्यात आजही पाहावयास मिळतो. युरोपीयांनी मात्र हा वाटेचा शब्द उचलून डोंगरालाच चिकटविला. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपला सह्याद्री आला तो ‘वेस्टर्न घाट्स’ ह्याच नावाने. भूगोलाच्या तासाला मुले ‘पश्चिम घाट’ म्हणतात, तेव्हा वस्तुतः ती एका गैरसमजाचे भाषांतर पाठ करीत असतात. अर्थात तो गैरसमज आता इतका रुळला आहे की, तो सुधारण्याच्या भरीस कोणी पडू नये.

‘खिंड’ म्हणजे दोन उंचवट्यांमधील चिंचोळी फट. कन्नडमध्ये ‘किंडि’ म्हणजे झरोका, लहान भोक. हे साम्य लक्षात ठेवण्याजोगे असले तरी एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही. ‘सोंड’ म्हणजे मुख्य डोंगरातून पुढे येऊन हळूहळू खाली उतरत गेलेला फाटा. तोच अरुंद झाला म्हणजे ‘दांड’, आणि दोन्ही अंगांचा उतार तुटला म्हणजे ‘धार’. ‘पदर’ ही कड्याच्या मध्यावरची, बहुधा झाडीने भरलेली, सपाट पट्टी. भीमाशंकराजवळच्या पदरगडाच्या नावात हा शब्द दिसतो. कड्याच्या दोन भिंतींमधून पाण्याने उभी कोरून काढलेली, धोंड्यांनी भरलेली चीर ती ‘नाळ’ किंवा ‘नळी’. ह्या शब्दांच्या सीमा तालुक्यागणिक थोड्या सरकतात. एका गावची दांड दुसऱ्या गावी सोंड असू शकते. परंतु सोंड आणि नाळ यांची गल्लत मी कोठेही ऐकलेली नाही.

ती गल्लत आम्ही स्वतः केली. वीसएक वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात असताना आम्ही चौघे एका गडावरून कोकणात उतरावयास निघालो. माथ्यावर गुरे चारणाऱ्या एका आजोबांनी बजावले, ‘‘सोंडेनं उतरा. नाळेत शिरू नका.’’ आम्ही चौघेही मराठीचे विद्यार्थी! ‘नाळ’ म्हणजे अर्भकाची, एवढे आम्हांस ठाऊक होते. डोंगरातील नाळ म्हणजे पाण्याचा ओहोळ असावा, आणि पाणी ज्याअर्थी खाली जाते त्याअर्थी आपणही जाऊ, असे अनुमान आम्ही काढले. सोंडेची वाट डोळ्यांना लांब दिसत होती. नाळ थेट गावाच्या दिशेने उतरत होती. सूर्य मावळता मावळता आम्ही एका कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी येऊन पोहोचलो. पुढे दोन-तीन पुरुष उंचीचा सरळ तुटलेला कातळ, आणि मागे वळून चढावे तर अंधार. एकाचा पाय मुरगळला होता. रात्र तेथेच काढली. सकाळी तेच आजोबा आमच्या हाका ऐकून वरून उतरत आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘नाळ म्हटलं होतं ना मी?’’

त्यांच्या दृष्टीने सगळे सांगून झाले होते. सोंडेचा उतार सलग असतो, नाळेचा तुटक असू शकतो. नाळ मध्येच टप्पा टाकते आणि तो वरून दिसत नाही. हे ज्ञान त्या शब्दांच्या अर्थातच होते. आमच्या कोशातील अर्थात ते नव्हते.

येथे शब्दयोजनेचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे. हरिश्चंद्रगडास बेलपाड्याकडून चढणाऱ्या अवघड मार्गास ‘नळीची वाट’ म्हणतात. नळीतून जाता येते हे येथे ‘वाट’ ह्या जोडशब्दाने वेगळे सांगितले आहे. जणू नुसत्या नळीस वाट असेलच असे नाही. हा नियमच होय असे म्हणण्याचा मोह मला काही काळ झाला होता. परंतु लिंगाण्याकडे उतरणाऱ्या ‘बोराट्याच्या नाळे’स असे काही जोडलेले नाही, आणि तरी लोक तिने जातात-येतात. तेव्हा त्यास नियम न म्हणता कल म्हणावे.

वाट ही मराठीत एखाद्या सजीवासारखी वागते हेही नमूद केले पाहिजे. वाट फुटते, मळते, मोडते, बुजते. ‘‘ती वाट मोडली आता’’ ह्याचा अर्थ ती कोणी मोडून टाकली असा नव्हे. तिच्यावरून जाणारे थांबले, असा आहे. ‘ढोरवाट’ मळलेली दिसते, पण ती चाऱ्यापाशी वा पाणवठ्यापाशी संपते, गावी नेत नाही. नवखा माणूस बहुधा ढोरवाटेनेच चुकतो.

आता पाहण्याकडे वळू. डोंगराच्या माथ्यावरील जागांस जुनी मराठी नावे देते ती दिशेवरून, आकारावरून, नाही तर कामावरून. कोकणकडा हे नाव पाहा. त्या कड्याचा अंतर्वक्र आकार व त्याची खोली पाहून आजचा प्रवासी स्तब्ध होतो, पण नावात त्या दृश्याचा उल्लेख नाही. कोकणाच्या अंगाचा कडा, एवढेच ते नाव सांगते. ही दिशेची जाणीव मराठीच्या शब्दयोगी रूपांतही मुरली आहे. आपण ‘देशावर’, ‘घाटावर’ म्हणतो. ‘कोकणात’, ‘तळकोकणात’ म्हणतो. ‘कोकणावर’ कोणी म्हणत नाही. मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषकांविषयी ब्राउन आणि लेव्हिन्सन ह्या अभ्यासकांनी दाखविले आहे की, ते सपाट जागेवरील वस्तूंचे स्थानही ‘चढाकडे’ आणि ‘उताराकडे’ अशा शब्दांनी सांगतात. मराठीची मजल तेथवर गेलेली नाही. पण सह्याद्रीचा चढ-उतार आपल्या प्रत्ययांत शिरला आहे, हे देशावर आणि कोकणात ह्या जोडीवरून दिसते.

‘पॉइंट’ ही ह्याहून निराळी दृष्टी. ती थंड हवेच्या ठिकाणांबरोबर आली. १८२८-२९च्या सुमारास सर जॉन माल्कम ह्या गव्हर्नराने महाबळेश्वर वसविले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान इंग्रजांच्या नजरेस आणले. तेथे हवा खावयास आलेल्या मंडळींना पलीकडे उतरावयाचे नव्हते. कड्यापर्यंत जावयाचे, पाहावयाचे आणि परतावयाचे. साहजिकच त्यांची वाट कड्याशी संपली, आणि त्या शेवटास त्यांनी ‘पॉइंट’ म्हटले. महाबळेश्वरी ही नावे जुन्या नावांवर कशी बसली हे पाहणे उद्बोधक आहे. ज्यास केट्स पॉइंट म्हणतात त्याचे जुने नाव नाकेखिंड. विल्सन पॉइंट ही सिंडोल्याची टेकडी. आर्थर्स सीट म्हणजे मढीमहाल. खिंड, टेकडी, मढी असे तीन वेगळे प्रकार जुन्या नावांत स्पष्ट आहेत. नव्या नावांत उरते ते एका व्यक्तीचे नाव आणि तिने उभे राहण्याची वा बसण्याची जागा. नवी नावेही स्थिर नव्हती. आजचा लॉडविक पॉइंट आधी सिडनी पॉइंट होता.

सर्वांत बोलके उदाहरण नेढ्याचे. सुईच्या भोकास मराठीत नेढे म्हणतात, आणि त्यावरून डोंगरास आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकासही. राजगडच्या सुवेळा माचीवर नेढे आहे, रतनगडावर आहे. महाबळेश्वरातही खडकास असे एक भोक आहे. तेथे इंग्रजांनी हीच सुईची उपमा स्वतंत्रपणे योजली. पण नाव झाले ‘नीडल होल पॉइंट’. नेढे म्हणताच ते भोक डोळ्यांपुढे येते. ‘नीडल होल पॉइंट’ म्हणजे जेथून भोक दिसते ती जागा! उपमा एक असूनही नामकरणाचे केंद्र एकाने वस्तूत ठेवले, दुसऱ्याने पाहणाऱ्यात.

मराठीने ‘पॉइंट’ पचविला ह्यात मात्र शंका नाही. तो पुल्लिंगी झाला. ‘दगड’, ‘डोंगर’ यांप्रमाणे त्याचे अनेकवचन तसेच राहिले. सामान्यरूपात अद्याप दोन चाली दिसतात: जुन्या पिढीचे ‘पॉइंटावर’ आणि आजचे ‘पॉइंटवर’. इतकेच नव्हे, तर तो मोजण्याचे एकक झाला आहे. ‘‘आज किती पॉइंट झाले?’’ असे विचारणाऱ्या प्रवाशास आणि ‘‘सात पॉइंट दाखवतो’’ म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्यास तो इंग्रजी वाटत नाही.

ह्या सर्वांतून शब्दांचे थर कसे लागले ते ध्यानात येते. चालण्याचे शब्द (सोंड, खिंड, घसारा, कपार) तद्भव वा देशी आहेत. पाहण्याचे शब्द एक तर इंग्रजी, नाही तर संस्कृत: प्रेक्षणीय स्थळ, विहंगम दृश्य, सूर्यास्त. कोकणकड्यावरून सूर्य पाठीशी व दरीत धुके असताना दिसणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदविले; आजचे गिर्यारोहक त्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. नाव देखणे आहे, पण तेही संस्कृतच.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रायगडचे टकमक टोक? ‘टकमक’ हे पाहण्याचेच क्रियाविशेषण नव्हे काय? परंपरा सांगते की तेथून अपराध्यांचा कडेलोट होत असे. नावाचा संबंध त्या दृश्याशी कसा लावावा, हे प्रत्येकाने आपापल्या कल्पनेने ठरविले आहे. परंतु टकमक नावाचा एक किल्ला वसईकडेही आहे, आणि तेथे कडेलोटाची कथा लावून भागत नाही. अशा नावांस लोकव्युत्पत्ती फार लवकर चिकटते. म्हणून मी ते उदाहरण बाजूस ठेवतो. ‘टेहळणी’ हा शब्द अधिक भक्कम आहे. गडांवर टेहळणीचे बुरूज होते, आणि तेथून पाहणे हेच काम होते. पण ते पाहणे येणाऱ्यावर नजर ठेवण्याचे होते. टेहळ्याचे डोळे दरीच्या सौंदर्यावर नव्हे, दरीतून चढणाऱ्या वाटेवर असत. त्या अर्थाने तो शब्द वाटेच्याच बाजूचा ठरतो.

जुने शब्द सगळे चांगले आणि नवे वाईट, असे माझे म्हणणे नाही. निवांत बसून दरी पाहण्यास ‘पॉइंट’ हा शब्द पुरेसा आहे. प्रश्न येतो तो वाट चुकल्यावर. आज गडांखालच्या गावांतील तरुण मुले वाटाडे म्हणून उत्तम काम करतात, आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी पाहुण्यांचेच शब्द वापरतात: ‘ट्रॅव्हर्स’, ‘रॉक पॅच’, ‘प्लॅटो’. त्यांच्या आजोबांचे ‘घसारा’, ‘आडवी’, ‘पदर’ हे शब्द त्यांना कळतात, पण तोंडी क्वचित येतात. दुसरी अडचण लिपीची. रोमन अक्षरांतील नकाशात ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त हे भेद पुसले जातात. तेथून नाव पुन्हा देवनागरीत आणणारा नाळेचा ‘नाल’ करतो, क्वचित ‘नल’ही. दरीत अडकलेला मुलगा दूरध्वनीवरून शोधपथकास आपण कोठे आहोत हे सांगू लागला, तर तो सोंडेवर आहे की नाळेत, पदराच्या वर आहे की खाली, ह्यावर त्याच्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ अवलंबून असतो. ‘‘पॉइंटच्या खाली’’ म्हणजे कोठेही.

आमच्या विभागातील काही विद्यार्थ्यांनी दोन हिवाळे अशा शब्दांचा संग्रह चालविला आहे. पहिल्या हिवाळ्यात ओटीवर बसून विचारले असता घाट, खिंड, कडा एवढेच मिळाले. माहितगार माणसे कंटाळली, आणि विद्यार्थीही. दुसऱ्या वर्षी त्यांच्याबरोबर चालत गेलो. दर वळणावर नवा शब्द निघू लागला, आणि काही तर हाताच्या खुणेखेरीज समजत नव्हते. असेही आढळले की, एकाच उतारास माथ्याच्या गावी एक आणि तळाच्या गावी दुसरे नाव असते. म्हणून आता प्रत्येक नोंदीपुढे शब्द सांगणारा चढत होता की उतरत होता, हेही लिहितो. जुन्नर, अकोले, मुरबाड, राजगड (पूर्वीचे वेल्हे), महाड ह्या तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर एकदा चालून असे शब्द टिपून आणावेत. कागदावर गावाचे नाव, चढ किंवा उतार, आणि शब्द ऐकला तसा, देवनागरीत, एवढे लिहिले तरी चालेल.