झाड न तोडता घर : गवंडी-सुतारांना कामाची गोष्ट

कोकणात घर बांधायला निघालेला माणूस आधी झाडे तोडतो, मग स्लॅब ओततो आणि तो गळू लागला की वर पत्र्याची शेड चढवतो. एकाच घराला दोन छपरांचा खर्च! आमचे कारागीर बंधू हे नेहमी पाहतात. श्रीलंकेतील वास्तुशिल्पी जेफ्री बावा (१९१९-२००३) यांनी दुसरी वाट दाखवली. ते मूळचे वकील. आगाखान वास्तुकला पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान त्यांना २००१ साली मिळाला.

पोलोन्तलावा येथील मळ्याच्या बंगल्यात त्यांनी प्रचंड शिळा फोडल्या नाहीत. त्यांनाच भिंतींत घेतले, छपराचा भारही त्यांच्यावर टाकला. दांबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल (१९९४) खांबांवर उचललेले आहे. डोंगराचे पाणी खालून जाते, वेलींनी इमारत झाकली आहे.

पण आमच्या धंद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यांच्या छपराची. खाली नालीदार सिमेंट पत्रा आणि त्याच्या नाल्यांत साधी अर्धगोल देशी कौले. फांदी पडून कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून निघून जाते, आणि कौलामुळे पत्रा तापत नाही. फुटलेले कौल बदलणे सोपे. त्या काळी हा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि पहिला बळी पत्रा कापणारा कारागीरच. तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्राच मागावा, गिऱ्हाईक दोन पैशांसाठी कितीही घासाघीस करो.

रानातल्या घराला पन्हळ लावली की पाचोळ्याने तुंबते. त्यापेक्षा वळचण चांगली लांब काढावी आणि पागोळ्या पडतील तिथे खडीचा चर करावा. लाकडी खांब मातीत पुरू नये, वाळवी लागते. दगडी तळखड्यावर उभा करावा. आपल्या जुन्या घरांत हेच होते, आपणच ते सोडले.

असे काम चौरस फुटाच्या ठोक दराने घेतले तर सुतार बुडतो, कारण लांब वळचणीचे लाकूड व मजुरी त्या दरात बसत नाही. छपराचा दर वेगळा लावावा. झाडाजवळ सलग पाया खणल्यास मुळे तुटतात आणि वादळात झाड घरावरच येते. तिथे सुटे खांब घ्यावे लागतात, त्यांचाही हिशेब आधीच लिहून द्यावा. दर सांगण्यापूर्वी एकदा भर पावसात जागेवर जाऊन पाणी कुठून वाहते ते पाहून यावे.